ओल्या कापसाचं वजन

माघ सरता सरता पांझरा नदीकाठी दादर ज्वारी खळ्यावर यायची. गावात थ्रेशर आलेलं होतं, पण आमची दादर जेमतेम चार-पाच पोती. तेवढ्यासाठी यंत्र सांगणं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पटायचं नाही. बैलांच्या पायाखाली कणसं मळून झाली की खळ्याच्या मधोमध दाणा आणि भूस यांचा एकच ढीग पडायचा. मग आबा लाकडी तिवईवर उभे राहायचे, आई खालून पाटी भरून द्यायची आणि आम्ही सगळे वाऱ्याची वाट बघत बसायचो. वारा पडलेला असला तर तास तास काही होत नसे. आबा डोक्यावरचा रुमाल सोडून हातात धरायचे. त्याचं टोक हललं की म्हणायचे, "आला."

बहिणाबाई चौधरींची उपणणीवरची कविता शाळेत कानावर पडली तेव्हा मला त्यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. त्या आसोद्याच्या, आम्ही साक्री तालुक्यातले. मधे अख्खा खानदेश पसरलेला. पण वाऱ्याला हाक मारून बोलावणं दोन्हीकडे तेच.

पाटी खांद्याच्या वर धरून आबा ती हलके हलके हलवत. दाणा सरळ खाली पडे, भूस तिरपं होऊन लांब जाई. अशाच एका संध्याकाळी, हात न थांबवता, आबा बायबलमधलं पहिलं स्तोत्र म्हणाले. ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. संडे स्कूलमध्ये ते म्हणून दाखवलं की रंगीत चित्राचं कार्ड मिळायचं. नीतिमान माणूस पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेल्या झाडासारखा, दुर्जन वाऱ्याने उडून जाणाऱ्या भुसासारखा. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. मला भुसाची कीव आली. मी विचारलं, "आबा, पण भूस आपण बैलांना ठेवतोच की. मग ते वाईट कसं?"

आबांनी पाटी खाली केली. लेकराच्या प्रश्नाला ते उडवून लावत नसत. म्हणाले, "बैलांसाठी जवळ पडतं ते ठेवतो. लांब उडून जातं त्याच्यात वजनच नसतं. ढिगात असताना दोन्ही सारखंच दिसतं बघ. वारा आल्याशिवाय कळत नाही."

वजन हा शब्द तेव्हापासून माझ्या मनात त्या स्तोत्राला चिकटून बसला. स्तोत्रात तो नाही. पुढे एकदा बायबलच्या शास्त्रवर्गात कळलं की इब्री म्हणजे हिब्रू भाषेत 'गौरव' या अर्थाचा शब्द 'जड असणे' या मुळातूनच येतो. दानीएलच्या पुस्तकात बेलशस्सर राजाला भिंतीवर लिहून सांगितलं गेलं तेही तेच: तुला ताजव्यात तोललं आणि तू उणा भरलास. तिथे मला राजवाडा कधी दिसला नाही. मला दिसला तो आमच्या ओसरीतला, साखळीने आढ्याला टांगलेला काटा.

ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला दोन वाटा फार लवकर शिकवतात. मोशे लोकांना सांगतो, जीवन आणि मरण तुझ्यापुढे ठेवलं आहे, जीवन निवड. यहोशवा विचारतो, कोणाची सेवा करणार ते आजच ठरवा. येशू अरुंद दरवाजा आणि रुंद दरवाजा सांगतो. चौथीत असताना आमच्या उपासनालयाच्या भिंतीवर एक जुनं चित्र होतं: डावीकडे रुंद रस्ता आणि शेवटी जाळ, उजवीकडे चढाची पाऊलवाट आणि वर प्रकाश. ते चित्र बघून माझा एक समज पक्का झाला, आणि त्या समजानेच पुढे मला बुडवलं. मला वाटायचं की आयुष्यात कधीतरी असा एक फाटा येईल, तिथे पाटी लावलेली असेल, आणि मी उजवीकडे वळेन. बस्स. एवढंच तर करायचं आहे.

फाटा आलाच नाही. टपरी आली.

2004 साली मी धुळ्याला कॉलेजात होतो आणि शनिवारी गावी यायचो. एस.टी. थांब्याजवळच्या टपरीपुढे एक लांब बाकडं होतं. पहिल्यांदा मी तिथून नुसता जायचो. मग हाक आली म्हणून थांबायला लागलो, एक पाय रस्त्यावर, एक टपरीच्या फळीवर. आणि एके दिवशी आमच्याच गल्लीतला एक जण सरकून जागा करत म्हणाला, "बठ ना भाऊ, काय घाई शे?" मी बसलो.

स्तोत्राची पहिली ओळ नेमकी याच क्रमाने जाते हे मला कितीतरी वर्षांनी दिसलं. दुर्जनांच्या मसलतीने चालणं, पाप्यांच्या वाटेत उभं राहणं, निंदकांच्या बैठकीत बसणं. चालणारा थांबतो, थांबलेला बसतो. आणि सर्वांत शेवटी, म्हणजे जिथे माणूस पुरता बूड टेकून बसतो तिथे, खून नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही. तिथे निंदा आहे. लहानपणी मला हे उलटं वाटायचं. आता वाटत नाही. बाकीच्या पापांत माणसाला निदान हे ठाऊक असतं की आपण काहीतरी लपवतो आहोत. थट्टा करायला बसलेल्या माणसाला मात्र लपवावं असं काही वाटतच नाही. चांगुलपणा हीच मूर्खपणाची गोष्ट आहे असं चार जणांत एकदा ठरलं, की पुढची वाट आपोआप उताराची होते.

त्या बाकड्यावर कोणाचीही थट्टा व्हायची. ग्रामसेवकाची, भागवत सप्ताह लावणाऱ्याची, मुलीला शिकवणाऱ्या बापाची. एकदा आबांची झाली. कोणीतरी म्हणालं, "तुना बाप काटावर बी प्रार्थना करस." सगळे हसले. मीही हसलो.

ते हसू मला आजही आठवतं. नंतर जे घडलं ते त्या हसण्याच्या मानाने लहान आहे.

त्या वर्षी कापूस भरपूर पिकला होता आणि भाव बसलेले होते. सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीचा जुना जम मोडला होता, खेडा खरेदीवाले व्यापारी काटा घेऊन थेट दारात यायला लागले होते. ते वजनात मारतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि गाव त्यांना पाण्यात मारतं हे त्यांना माहीत होतं. बाकड्यावर यावर रोज चर्चा व्हायची, म्हणजे चर्चा तरी कसली, शिकवणीच. किती पाणी, कोणत्या वेळी, कोणत्या थरावर. "एवढं खरं बोलीसन कसं चालई भाऊ?" असं म्हणून शेवटी सगळं मिटायचं.

आबा नवापूरकडे अधिवेशनाला तीन दिवस गेले होते. व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता आणि माल घालायचं काम माझ्याकडे होतं. मधल्या खोलीत कापसाचा ढीग छताला टेकलेला. रात्री आई झोपल्यावर मी दोन बादल्या पाणी आणलं आणि लोट्याने, हाताने शिंपडत, थरावर थर उलटवत गेलो. कापूस पाणी किती मुकाट्याने पितो! वरून हात फिरवला तर कळत नाही. पहाटे खोलीत एक थंड, दमट वास होता, ओल्या चादरीसारखा. आई दारात आली, उंबऱ्याशी सांडलेलं पाणी तिने पाहिलं, पोतेरं आणून पुसलं आणि चुलीकडे गेली. एक शब्द बोलली नाही.

व्यापाऱ्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला. माझ्याकडे बघितलं. मग वजनं घेतली, चिठ्ठी लिहिली: 9 क्विंटल 66 किलो, त्यातून क्विंटलमागे 3 किलो घट. पैसे मोजून दिले आणि गेला.

आबा परत आले तेव्हा मी चिठ्ठी आणि पैसे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी कोनाड्यातून वेचणीची वही काढली. ज्यांनी कापूस पिकवला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते, म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येकीचं गाठोडं काट्याला लागतं आणि वहीत लिहिलं जातं. आबांच्या वहीत बेरीज होती 9 क्विंटल 40 किलो. ते बराच वेळ वही आणि चिठ्ठी शेजारी शेजारी धरून बसले. मग म्हणाले, "कापूस घरात पडून सुकतो रे. वाढत नाही."

मला मार बसला असता तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "उद्या साक्रीला जाऊ. तूही चल."

सकाळच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. मी सगळी कारणं तयार ठेवली होती. तोच वजनात मारतो. सगळं गाव करतं. घट धरून त्याने आपल्याकडून उलट जास्तच कापलं. हिशोबाने पाहिलं तर तेही खरं होतं. आबांनी यातलं एकही विचारलं नाही, म्हणून मला एकही सांगता आलं नाही. एकदाच बोलले, "जक्कयाने चौपट परत केलं. आपली तेवढी ऐपत नाही. पण घेतलं तेवढं तरी."

जक्कयाची गोष्ट आमच्याकडे लेकरांना फार आवडते, कारण तो उंबरावर चढतो आणि उंबर आमच्या नाल्यानाल्याला आहे. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, लोकांच्या मागे उभा राहिला तर येशू दिसेना म्हणून झाडावर चढला. येशूने वर बघून त्याला खाली बोलावलं आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणून सांगितलं. लोक कुरकुरले. लहानपणी आम्हाला झाड आवडायचं. त्या दिवशी गाडीत मला पहिल्यांदाच ते पैसे परत करणं दिसलं: घरोघर जाणं, कडी वाजवणं, दार उघडणाऱ्याच्या तोंडाकडे बघणं. आणि आणखी एक गोष्ट दिसली. येशूने त्याला आधी परत कर, मग येतो असं म्हटलेलं नाही. आधी घरी येतो म्हणाला. परतफेड त्यानंतर झाली.

व्यापारी गादीवर बसला होता. आबांनी 26 किलोचे पैसे पुढे ठेवले आणि कारण सांगितलं. तो अवघडला. चहा मागवला. म्हणाला, "अहो आबा, मी हात घातला तेव्हाच कळलं होतं. घट धरली ना. हिशोब बरोबर झाला."

आबा म्हणाले, "तुमचा झाला. माझ्या पोराचा व्हायचा आहे."

त्याने पैसे घेतले नाहीत. आबांनी ते गादीवरच ठेवले, चहा पिऊन आम्ही निघालो. पुढे त्याचं त्याने काय केलं ते मला ठाऊक नाही आणि विचारायचं मनातही आलं नाही.

फाट्यावर उतरून गावात जायला दोन रस्ते आहेत, डांबरी आणि पाटाकडेचा. आबा पाटाकडच्या रस्त्याने निघाले.

पांझरेचं फड सिंचन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे थोडं उलगडून सांगायला हवं. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालची सगळी जमीन फडांत वाटलेली. बहुतेकांच्या मालकीचा तुकडा वेगवेगळ्या फडांत असतो, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. साक्री-धुळ्याकडे ही पद्धत काही शतकं चालत आली आहे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखाददुसऱ्याच फडाला पाणी देतात, बाकीचे कोरडे राहतात, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. पाणी सोडायला पाटकरी असतो, पाळी त्याच्या हातात. मालकाने स्वतः चारीला हात लावायचा नाही. आणि हंगामाआधी घरटी एक माणूस पाटातला गाळ काढायला जातो. त्यात पाटील, मराठा, माळी, भिल्ल, ख्रिस्ती असा फरक नाही. माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा याच नदीच्या वाहत्या पाण्यात झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खानदेशात आली, त्यांच्या कामातून इकडे ज्या ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांतली आमची एक. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबा खांद्यावर फावडं घेऊन गाळ काढायला गेले होते, आणि गावाने त्यांना येऊ दिलं होतं. ही गोष्ट आमच्या घरात बाप्तिस्म्याइतक्याच अभिमानाने सांगतात.

पाटाच्या एका वळणावर आबा थांबले. तिथे काही वेगळं नव्हतं. गवत, दगड, एक बाभूळ.

"72 साली मी इथे पाट फोडला," ते म्हणाले.

दुष्काळाचं वर्ष. आबा पंचविशीचे, नुकतं लग्न झालेलं. पाणी एकाच फडाला द्यायचं ठरलं होतं. खालच्या अंगाला आबांचा गव्हाचा तुकडा होता, पाळीबाहेरचा. रात्री कुदळ घेऊन आले, पाटाची कड खणली, पहाटे पुन्हा माती लावली. त्या रात्रीचं पाणी ज्याच्या पाळीचं होतं त्याच्या टोकापर्यंत ते पोचलं नाही. त्याचा गहू दाणा भरण्याआधीच वाळला. पाटकऱ्याला संशय होता, त्याने बोट दाखवलं नाही.

"मी त्याला सांगायचं ठरवलं. पुढल्या हंगामाला सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढल्या. तो म्हातारा मला रस्त्यात भेटला की 'राम राम' म्हणायचा, मी 'जय ख्रिस्त' म्हणायचो. सहा वर्षांनी तो गेला." आबा त्या बाभळीकडे बघत होते. "मला सांगायला उशीर झाला. म्हणून आज सकाळचीच गाडी धरली."

मी तोपर्यंत माझ्या बापाला झाड समजत होतो, पाण्याच्या प्रवाहाजवळचं, पानं न कोमेजणारं. आणि स्वतःला भूस. त्या वळणावर माझी ती वाटणी मोडली. नीतिमान कोणी नाही, एकदेखील नाही, असं पौल रोमकरांना लिहितो ते मी कितीदा वाचलं होतं. पण बापाच्या तोंडून बापाबद्दल ऐकणं वेगळं असतं. मग हे पहिलं स्तोत्र आहे तरी कोणाबद्दल? एकदेखील नाही, तर झाड कुठून आलं?

याचं मला पटलेलं उत्तर पुन्हा त्या शास्त्रवर्गातच मिळालं. आमचे शिक्षक इब्री शिकलेले होते. त्यांनी सांगितलं की स्तोत्रात जो प्रवाह आहे त्या शब्दाचा अर्थ खणून काढलेले पाण्याचे पाट असा होतो. आणि झाड तिथे आपोआप उगवलेलं नाही, 'लावलेलं' म्हणजे एका जागेवरून उपटून दुसरीकडे नेऊन लावलेलं. बाकीचे लिहून घेत होते. माझ्या डोळ्यांपुढे आमचा पाट आला, फावडी आली, गाळ आला. रोप चालत पाण्यापर्यंत जात नाही. कोणीतरी ते उचलून आणतं. पाणीही तिथे आपसूक येत नाही, कोणीतरी पाट खणलेला असतो. कृपा हा शब्द मी जन्मापासून ऐकत आलो, पण तो त्या दिवशी मला हाताला लागला. आणि कृपा आहे म्हणून गाळ काढायला जायचं नाही, असं कोणत्या शेतकऱ्याला वाटेल?

पहिल्या शतकांतले ख्रिस्ती बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी दोन वाटा शिकवत. 'दिदाखे' नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका आहे. तिची हस्तलिखित प्रत 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. ती सुरूच या वाक्याने होते की वाटा दोन आहेत, एक जीवनाची आणि एक मरणाची, आणि दोहोंत अंतर फार मोठं आहे. पुढे बाप्तिस्म्याबद्दल सांगताना ती म्हणते, शक्यतो वाहत्या पाण्यात द्या. हे वाचताना मला आजोबा आठवले. त्या पुस्तिकेत जीवनाच्या वाटेखाली जे लिहिलं आहे ते किती रोजचं आहे! खोटं बोलू नको, दोन जिभांचा होऊ नको, कुरकुऱ्या होऊ नको, भांडणाऱ्यांत समेट कर, घ्यायला हात पसरून द्यायला आखडू नको. त्यात एकही फाटा नाही. सगळी पावलंच आहेत.

दोन वाटांचं हे बोलणं आमच्या एकट्याचं आहे असं मी समजत नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सोळाव्या अध्यायाशी आले तेव्हा त्यांनाही दैवी आणि आसुरी संपत्तीबद्दल बोलायचं होतं. माझी श्रद्धा त्यांच्याहून वेगळी आहे आणि तो फरक मी पुसत नाही. पण त्या तुरुंगाच्या भिंतीजवळून एस.टी. जाते तेव्हा माझी मान आपोआप लवते.

आता जे सांगतो ते अलीकडचं. आबा गेल्यावर मंडळीने मला पंच केलं. आमच्यात एक माणूस आहे, दारू पितो, प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर येऊन बसतो, त्याचा वास पुढपर्यंत येतो. पंचांच्या सभेत मी म्हणालो, याचं नाव काढून टाकू या. मी वचनं काढून ठेवली होती. फळांवरून झाड ओळखा हेही त्यात होतं, आणि ते खोटं नाही. मंडळीला कधी ना कधी बरं-वाईट म्हणावंच लागतं, हे मी आजही म्हणतो.

सभेत एक म्हातारी मावशी होती. उभा जन्म लोकांच्या शेतात निंदणीला गेलेली. ती म्हणाली, "गहू नि निदण धाकलपनले सारखाच दिसतस, भाऊ."

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला तो दृष्टांत आम्हा शेतकऱ्यांना नेहमी खटकतो. शत्रूने रात्री गव्हात निदण पेरलं. चाकर म्हणाले उपटतो. मालक म्हणाला नको, निदणाबरोबर गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. असा कोणता मालक असतो? पण त्या देशातलं ते निदण कणीस निसवेपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं आणि त्याची मुळं गव्हाच्या मुळांत गुंततात. हे मी पुस्तकात वाचलेलं. मावशीने वाचलेलं नव्हतं, तिच्या बोटांना ठाऊक होतं. ती पुढे म्हणाली की घाई करणाऱ्या बाईच्या मुठीत संध्याकाळी निम्मं पीकच असतं, आणि मालकाला ते बांधावर पडलेलं दिसतं.

मी त्या रात्री झोपलो नाही. 2004 साली साक्रीच्या त्या गादीवर मला उभं केलं होतं तेव्हा मी गहू होतो की निदण? पाट फोडणाऱ्या रात्री आबा कोण होते? पाटकऱ्याने तेव्हाच बोट दाखवलं असतं, तर मला घेऊन सकाळची गाडी धरणारा माणूस घडला असता का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला नक्की सांगता येत नाही. त्या म्हाताऱ्याचा गहू तर वाळलाच होता. त्याच्या बाजूने बघितलं तर पाटकऱ्याचं गप्प राहणं अन्यायच होता. मी हे दोन्ही धरून बसलो आहे आणि एकही सोडवत नाही.

पण एक गोष्ट मला त्या रात्री दिसली. स्तोत्राची शेवटची ओळ मी लहानपणापासून चुकीची ऐकत आलो होतो. दुर्जन नष्ट होतील, असं मला वाटायचं. तिथे म्हटलं आहे, दुर्जनांची वाट नष्ट होईल. वाट. माणूस वाटेवरून उतरू शकतो, तोवर तिच्यावर एकटा नसला तर. नाव काढायचा विषय मी पुढच्या सभेत परत घेतला.

कापसाला पाणी मारायचे दिवस आता फारसे राहिले नाहीत. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र असतं. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, बाराच्या पुढे माल परत. यंत्राचा काटा बघून माझा पुतण्या हसत म्हणाला, काका, तुमच्या वेळी हे असतं तर आजोबांचं भाडं वाचलं असतं. मी त्याला म्हणालो, बरं झालं नव्हतं. जिथे यंत्र आहे तिथे खरेपणा भागच पडतो. माझी परीक्षा आता जिथे यंत्र नाही तिथे असते: कोणाबद्दल काय बोललो, फोनवर आलेलं काय पुढे पाठवलं, कोण हसत असताना मीही हसलो.

आणि इथे मला स्तोत्रापुढे एक मोठी अडचण येते. निंदकांच्या बैठकीत बसू नको म्हणतं ते. आणि माझा प्रभू तर जकातदारांच्या आणि पाप्यांच्या पंगतीत बसत होता, इतका की लोकांनी त्यावरून त्याला नावं ठेवली. मग मी टपरीपुढून मान खाली घालून जावं की बसावं? पुष्कळ वर्षं मी मान खाली घालून गेलो. त्याला मी नीतिमत्त्व समजत होतो. खरं तर मला त्या बाकड्याची भीती वाटत होती, कारण तिथे मी हसलो होतो.

मागच्या श्रावणात, संध्याकाळी, मी थांब्यावर उतरलो. ते लाकडी बाकडं जाऊन आता सिमेंटचं आहे. त्यावर तोच आमच्या गल्लीतला, केस पांढरे झालेला, एकटाच. सरकला आणि म्हणाला, "बठ ना भाऊ, काय घाई शे?"

मी बसलो. पाऊसपाण्याचं झालं, भावाचं झालं. मग त्याने विषय काढला: तुमच्या मंडळीतला तो पिणारा, काल नाल्यात पडला म्हणे. तो हसायला लागला आणि माझ्याकडे बघू लागला, मीही हसेन म्हणून. वीस वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच.

मी म्हणालो, "त्याचा पाय मोडलाय. दवाखान्यात आहे, रात्री जवळ कोणी नाही. मी घरून डबा घेऊन तिकडेच निघणार आहे. येतोस?"

तो गप्प झाला. टपरीवाल्याने गॅस बंद केला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजात थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो वाकला आणि बाकड्याखाली पायाने चपला शोधायला लागला.